पिवळ्या नावाची टायरं

“गेली! गेली! अरे, परत गेली!”

ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो पोरगा कुंपणाच्या जाळीला लटकून ओरडत होता. तिसऱ्या वळणावर ताईची कार्ट गर्रकन फिरली आणि जुन्या टायरांच्या भिंतीवर धप्पकन आदळली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

“आठवड्यात तीन वेळा,” मोजपट्टी म्हणाली. “आणि तिन्ही वेळा हेच वळण.”

“तू मोजत बसू नकोस गं!” बारक्या खेकसला. ताई त्याची सख्खी बहीण होती. तिला काही लागलं तर नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं, पण जाळीच्या आत जायला बारा वर्षं पूर्ण लागत आणि तो दहाचा होता.

ताई स्वतःच उठली. हेल्मेट काढलं. लागलं नव्हतं, पण तिचा चेहरा पार उतरला होता.

कार्ट म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर सांगून टाकतो. छत नाही, दारं नाहीत, चार बुटकी चाकं आणि पाठीशी इंजिन. बसलं की जमीन हाताला लागते. चौदा वर्षांची ताई या क्लबात दोन वर्षं कार्ट चालवत होती, आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नव्हती. म्हणून तर क्लबाने नव्या कंपनीची टायरं घ्यायचं ठरवलं, तेव्हा आठवडाभर आधी ती एकट्या तिच्या कार्टला बसवली. पसंत पडली की मग सगळ्यांना!

पसंतीचं राहिलं बाजूला, इथे ताई सारखी भिंतीवर.

प्रशिक्षक सरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. “बस्स. रविवारच्या शर्यतीत हिच्या जागी राखीव मुलगा.”

“सर, टायरं घसरतात!” बारक्या जाळीतून ओरडला.

“टायरं नवी कोरी आहेत, बाळ. चालवणाऱ्याचं मन घसरलंय.” सर तसे वाईट नव्हते. पण एकदा बोलले की बोलले.

पुढचं मात्र बारक्याला सहन होईना. एरवी वेळांच्या बोर्डावर पहिला नंबर माझाच म्हणून भांडणारी ताई मान खाली घालून म्हणाली, “चूक माझीच असेल, सर.”

*

सुट्टी लागली की ताई-बारक्याचा मुक्काम मामाकडे असायचा. मामा क्लबात टायरं बसवायचा. वीस वर्षं! त्याने बसवलेलं टायर कधी रिमवरून सुटलं नाही, असं अख्खा क्लब म्हणे. मोजपट्टी ही मामाची मुलगी, बारा पूर्ण व्हायला दोन महिने कमी. ती जेवणाच्या ताटापासून मांजराच्या शेपटीपर्यंत सगळं मोजून ठेवी. रेडिओ शेजारचा, अकराचा. त्याला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मामाने शर्यतीच्या बाराही कार्टना नवी टायरं चढवली. तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. ही नवी कंपनी त्यांनीच आणलेली. उद्या कंपनीचे पाहुणे यायचे होते, फोटो निघायचे होते, आणि बसवताना लागलेलं साबणाचं पाणी टायरांवरच्या पिवळ्या नावावर सुकलं होतं.

“ही पोरं रिकामटेकडीच आहेत ना?” बाई म्हणाल्या. “त्यांना द्या जुने टूथब्रश. आज आत येऊ देत. नाव कसं झळकलं पाहिजे!”

झालं! तिघं बसली घासायला. उजवीकडे बारक्या, डावीकडे मोजपट्टी, आणि रेडिओ मध्येच बादली घेऊन सल्ले द्यायला.

“नावाच्या खाली एक बाण आहे,” बारक्या म्हणाला. “छोटासा. रबरातच उठवलेला.”

“माझ्याकडे पण आहे. मागे दाखवतोय.”

“मागे नाही, पुढे!”

“मला डोळे आहेत! कार्टच्या मागच्या बाजूला दाखवतोय.”

“पुढे म्हणतोय ना मी!”

“भांडू नका, मी पंच!” रेडिओने बादली ठेवली आणि तो कार्टला फेरी मारून आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. “अरे… तुम्ही दोघंही बरोबर आहात!”

तिघं पुढच्या कार्टकडे धावली. उजवीकडचे बाण पुढे फिरणारे, डावीकडचे मागे. त्याच्या पुढच्या कार्टला तेच. बाराच्या बारा!

मोजपट्टी कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईच्या कार्टपाशी गेली आणि तिने टायरांवरून तळवा फिरवला. उजवी दोन्ही टायरं गुळगुळीत. डाव्या दोन्हींवर मात्र रबराची एक कड उठून आली होती. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात ना, तशी.

“ही टायरं बाणाच्या उलटी फिरतायत,” ती म्हणाली. “म्हणून सोलवटतायत.”

“पण ती बसवली तर…” बारक्या म्हणाला आणि थांबला. कारण ती मामाने बसवली होती.

*

मामाने बाण पाहिला. गुडघ्यावर बसून परत पाहिला.

“जुन्या टायरांना नाव दोन्ही बाजूंना असायचं,” तो पुटपुटला. “आणि बाण नव्हताच. कसंही बसवा. यांना नाव एकाच बाजूला. बाईंनी चिठ्ठीच दिली होती, नाव बाहेर दिसलं पाहिजे. मी सगळ्यांची नावं बाहेर केली.”

“आणि डावीकडे नाव बाहेर केलं की बाण उलटा होतो, बाबा!”

“हो गं. कळतंय आता.”

“मग चल ना सांगायला!” बारक्याने त्याचा हात धरला.

पण मामाचं बळ वाघाचं असलं तरी बाईंसमोर त्याची शेळी व्हायची. ऑफिसात तो हात चोळत उभा राहिला. “काही नाही बाई, ही मुलं म्हणतात की डावीकडची नावं जरा आत…”

“आत?” बाईंनी चष्मा वर केला. “पाहुणे काय गाडीखाली झोपून वाचणार आहेत?”

“बाई, बाण…”

“बाण शोभेचा असतो हो!”

सर तिथेच बसले होते. बारक्याने त्यांना सोललेल्या रबराचं सांगितलं. सर हसले. “आपल्या ट्रॅकवर सगळी मोठी वळणं उजवीकडे आहेत. सगळा भार डाव्या चाकांवर येतो. ती जास्त झिजणारच! हुशार आहात, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका.”

ते खरंही होतं ना! डावी टायरं झिजतातच. पण झिजणं वेगळं आणि सोलवटणं वेगळं, हे दहा वर्षांच्या मुलाने कोणत्या तोंडाने समजवायचं? त्याने मामाकडे पाहिलं. मामा फरशीकडे पाहत होता.

“मामा, तू बोल ना!”

मामा तसाच दाराबाहेर पडला.

घरी जाऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती उडी मारेल. ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“पुरे,” ती म्हणाली. “माझ्यासाठी सबबी शोधू नका. मला चालवता येत नाही, बस्स!”

बारक्याला रडू आलं. मोठी माणसं ऐकत नाहीत याची सवय असते हो. पण ताईनेही ऐकू नये?

*

रविवारी सकाळी सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिघं जाळीबाहेर. बाराच्या बारा कार्ट सुटल्या, आणि त्यात नर्सरीतल्या पोराएवढा दिसणारा आठ नंबरचा मुलगाही होता.

“हळू जा रे!” बारक्या ओरडला. इंजिनांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार!

चौथ्या फेरीला राखीव मुलगा तिसऱ्या वळणावर फिरला आणि गवतात गेला.

“नवखा आहे, घाबरला,” सर म्हणाले.

पाचव्या फेरीला दोन नंबरची मुलगी फिरली. ती नवखी नव्हती.

“टायरं अजून तापली नाहीत,” सर म्हणाले. पण या वेळी जरा थांबून.

शर्यतीला तास उरला होता. शर्यतीत बाराही जण एकमेकांना खेटून त्या वळणावर शिरणार! बारक्या धावत मामाच्या शेडपाशी गेला आणि खिडकीतून ओरडला, “मामा, कुणालातरी लागेल रे! मग तू काय म्हणशील? चिठ्ठी होती म्हणून?”

मामाने हातातला पाना खाली ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते. “ताईच्या गाडीला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही,” तो म्हणाला. “ती शर्यतीत नाहीच. दोन टायरं उलटवतो. एकाला पाच मिनिटं. तेवढा वेळ बाई इकडे येता कामा नयेत.”

“ते माझ्यावर सोडा!” मोजपट्टीबरोबर मागोमाग धावत आलेला रेडिओ म्हणाला.

आणि पठ्ठ्याने काय केलं! तो थेट बाईंसमोर जाऊन उभा राहिला. “बाई, शाळेच्या अंकासाठी तुमची मुलाखत! पहिला प्रश्न. लहानपणी तुम्ही इतक्याच कर्तबगार होता का?” बाई खुर्चीत सावरून बसल्या. इकडे मामा टायर रिमवरून सोडवून, उलटवून परत चढवत होता आणि मोजपट्टी मिनिटं मोजत होती. दोन्ही टायरं चढली तेव्हा बाई जेमतेम इयत्ता सहावीपर्यंत पोचल्या होत्या.

पण चालवणार कोण? ताई शेडच्या दारात उभी होती. बारक्याने तिला अक्षरशः ओढत आणली होती.

“मी बसणार नाही,” ती म्हणाली. “परत फिरली तर? सगळे बघतायत.”

बारक्याने हेल्मेट तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.

मामा तिच्यासमोर आला. “पोरी, इकडे बघ. चूक माझी आहे. टायरं मी उलटी बसवली. काल कळलं तेव्हाही मी घाबरून गप्प बसलो, आणि तू रात्रभर स्वतःला कोसत पडलीस. तुझं काहीही चुकलेलं नाही.”

ताईने हेल्मेट घातलं.

पहिली फेरी तिने अगदी गोगलगाईसारखी मारली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या फेरीला तिसरं वळण आलं आणि बारक्याने डोळे मिटून घेतले.

“गेली!” रेडिओ ओरडला. तोही मुलाखत आटोपून धावत आला होता. “अरे, सरळ गेली! डोळे उघड, येड्या!”

चौथी फेरी. पाचवी. सरांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं, ते कानाशी धरून हलवलं आणि पुन्हा पाहिलं. मग ते स्वतः चालत आले आणि ताईच्या कार्टजवळ वाकले. डावीकडे नाव नव्हतं. साधी काळी बाजू होती.

“मीच केलं, सर,” मामा म्हणाला. या वेळी त्याने हात चोळले नाहीत. “बाकीच्या चोवीस टायरांनाही हेच करावं लागेल. नाहीतर मी एकही गाडी शेडमधून सोडणार नाही.”

सरांनी शेजारच्या कार्टच्या डाव्या टायरावरून बोट फिरवलं. रबराची कड बोटाला लागली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “शर्यत थांबवा!” ते ओरडले. “दोन तास पुढे!”

“पण फोटो? नाव?” बाई धावत आल्या.

“बाई, गाड्या उजवीकडेच वळतात,” मोजपट्टी म्हणाली. “फोटोवाल्या काकांना मधल्या हिरवळीवर उभं करा. तिथून सगळ्यांची उजवीच बाजू दिसते. सगळी नावं येतील!”

बाई लगेच फोटोवाल्याला हाका मारत हिरवळीकडे निघाल्या.

दोन तास नुसती धांदल! मामा, सर, आई-बाप, जो येईल तो टायरं उलटवत होता. बारक्या साबणाच्या पाण्याच्या बादल्या वाहत होता. वयाचं कुणी विचारलं नाही.

*

“आता ताई धावणार ना, सर?” शेवटचं टायर बसल्यावर बारक्याने विचारलं.

सरांनी नकारार्थी मान हलवली. “यादी काल संध्याकाळीच पंचांकडे गेली रे. मी आत्ता विचारून आलो. दोनदा विचारलं. शर्यतीच्या दिवशी नाव बदलता येत नाही.”

“पण चूक तिची नव्हती!”

“ठाऊक आहे.”

सर माइकपाशी गेले. “मंडळी,” ते म्हणाले, “आज बारा मुलं सुखरूप धावणार आहेत, ती तीन मुलांमुळे. त्यांनी बघितलं, आम्ही बघितलं नाही. त्यांनी सांगितलं, आम्ही हसलो. आणि आठवडाभर मी एका मुलीला सगळ्यांसमोर सांगत होतो की दोष तिचा आहे. तो तिचा नव्हता. आज ती इथे बाहेर उभी आहे, ती माझ्यामुळे. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी मुलांची पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, “शाबास, शाबास! मला वाटलंच होतं ही मुलं हुशार आहेत!” यावर मोजपट्टीने रेडिओचा पाय दाबला, म्हणून बरं!

मग शर्यत सुटली. चौघं जाळीपाशी उभी राहिली. तिसऱ्या वळणावरून एकामागून एक बाराही कार्ट सफाईने निघून गेल्या. एकही फिरली नाही. आठ नंबरचा चिमुरडासुद्धा!

बारक्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. “शाबासकी काय चाटायचीय? तुला शर्यत मिळायला हवी होती.”

ताईने त्याचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. तीही रडत होती, आठवड्यात पहिल्यांदाच.

“असू दे रे,” ती म्हणाली. “आज मला झोप लागेल.”