शेवंतीचा चौकोन

बसा. गॅलरीतला दिवा राहू दे बंद, डास येतात. ही गोष्ट समोरच्या विंगमधल्या कलावतीबाईंची. मला त्यांच्या मुलानं, सुदेशनं सांगितली, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. संध्याकाळी बाई टिटवाळा स्टेशनजवळ चार्जर आणायला गेलेल्या. जुना सैल झालेला, आणि रात्रीचा व्हिडिओ कॉल त्यांना चुकवायचा नव्हता. वर्तकनगरच्या जुन्या इमारतीत त्या, सगुणा आणि शेवंती अर्धं आयुष्य शेजारी राहिल्या. इमारत पाडली, तिघी पांगल्या. सगुणा आंबिवलीला, शेवंती लेकीकडे कळव्याला. गुडघे तिघींचेही गेलेले. मग फोनवर ग्रुप केला. रोज जेवणं झाली की गप्पांना बसायच्या. शेवंतीला फोन धरता यायचा नाही. तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा, एवढंच दिसायचं.

दिवाळीनंतर शेवंती गेली. लेकीनं तिचा नंबरही बंद करून टाकला. सुदेश म्हणाला, "आई, ते नाव काढ ग्रुपमधून. बरं दिसत नाही."

"इमारत पाडून एकदा घरातून काढलं तिला," बाई म्हणाल्या. "ग्रुपमधून मी काढणार नाही."

तर त्या रात्री बाई आणि सगुणा कुणाच्या तरी बारशाचं बोलत होत्या. आणि स्क्रीनवर तिसरा चौकोन उघडला.

शेवंती.

सगुणानं कॉल कट केला.

उरला तो एकच चौकोन. चेहरा नाही. नुसतं छत, आणि हळू फिरणारा पंखा. पण कळव्याच्या घरातला नव्हे. निळा रंग... कोपऱ्यात गळतीचा डाग... बाईंनी ओळखलं. शेवंतीची वर्तकनगरची खोली. पाडलेली.

सुदेश मागे येऊन उभा राहिला. "आई... ठेव फोन."

बाईंनी फोन आणखी जवळ धरला.

त्यानं वायफाय बंद केलं. पंखा फिरतच होता. हॅक झाला असेल म्हणतोस, नयन? त्यालाही तेच वाटलं. आवाज नव्हता. फक्त... श्वास ओढल्यासारखं काहीतरी.

"आई, दे तो इकडे."

"हात लावायचा नाही. भीती वाटत असेल तर आत जाऊन झोप. माझ्याकडे माणूस आलंय."

फोन खाली आला नाही.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

...

पंखा थांबला.

"नको बोलूस. मी बोलते." आणि बोलत राहिल्या. गुडघ्यांचं, सुनेचं, बंद पडलेल्या लिफ्टचं. शेवटी म्हणाल्या, "उद्याही ये. फक्त सगुणाला घाबरवू नकोस, तिचं ऑपरेशन झालंय."

चौकोन मिटला.

सकाळी कॉल्सच्या यादीत शेवंतीचं नाव नव्हतं. सुटलो, असं सुदेशला वाटलं. मग बाईंच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. रात्रीचा. हातात फोन धरून खुर्चीत बसलेल्या बाई, मागे घाबरलेला सुदेश. खिडकीच्या ग्रिलमधून, बाहेरून काढलेला. अकराव्या मजल्यावर. बाहेर पाय ठेवायलाही जागा नाही.

"डिलीट कर," सुदेश म्हणाला.

बाईंनी तो डीपीला लावला. म्हणाल्या, "या वयात माझा फोटो काढतंय कोण? असू दे."

कृतिका, तुझ्याकडे नंबर आहे ना त्यांचा? बघ. अजून तोच आहे.