कोरं मशीन

बांधणीवाली घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होती. बाराला तिची चौकशी होती आणि अकरा तर वाजून गेले होते. तिने मदतीला बोलावलेली गुप्तहेर मावशी मात्र निवांत बसली होती. सोबत आलेल्या भाच्याची चाळिशी उलटली, मावशीच्या हाताखाली पंधरा वर्षं गेली, तरी प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागायचा तो त्याचाच.

या रुग्णालयात रक्त तपासणाऱ्या विभागाचे संगणक इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेले होते. तिथे नवा प्रोग्राम न्यायचा, तर त्याला लागणारे शंभरेक छोटे प्रोग्राम बाहेर गोळा करून एका डिस्कवर बांधावे लागत. ते काम बांधणीवालीचं. दुकान नसलेल्या गावी निघताना सुईदोरासुद्धा घरून न्यावा, तसंच. काल संध्याकाळी तिची डिस्क आत लावली आणि आलेख काढणारा एक तुकडा नसल्याने सगळंच ठप्प झालं. रजा नाकारल्याच्या रागातून तिने मुद्दाम घात केला, असं विभागप्रमुखाचं म्हणणं. तसा शेरा बसला, तर पुन्हा असा इंटरनेट तोडलेला कुठलाच विभाग तिला दारात उभं करणार नव्हता.

"तीन वाजता डिस्क तयार झाली. ती लगेच कोऱ्या मशीनवर लावून पाहिली," ती म्हणाली. "सगळं चाललं, मावशी. आलेखसुद्धा आला."

कोरं मशीन बाजूच्या कुलूपबंद खोलीत होतं. ती ते रोज नऊला पुसून रिकामं करायची, म्हणजे डिस्कवर काही राहिलं तर लगेच कळावं. त्या खोलीच्या किल्ल्या दोनच: एक तिची, एक प्रमुखाची. नऊ ते तीन ती स्वतःच्या संगणकापुढून हललीच नव्हती. डबाही तिथेच खाल्ला.

आतला तंत्रज्ञ म्हणाला, डिस्कच्या पाकिटाचं सील शाबूत होतं, सोबतच्या यादीतल्या फायलीही बरोबर भरल्या. तुकडा मुळात यादीतच नव्हता. भाच्याचं मन खट्टू झालं. पोरगी विसरली आणि आता थापा मारतेय, असं त्याला वाटलं.

प्रमुखाने तर पुरावाच पुढे केला. काल आपण त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. आज सकाळी मात्र साक्षीदारांसमोर मशीन पुसलं, तीच डिस्क लावली, आणि काम आलेखापाशी अडलं.

रुग्णालयाच्या संचालिका मात्र हळहळत होत्या. काल दीडला, जेवणाच्या वेळी, प्रमुखाने तोच आलेख त्यांना त्यांच्या दालनातल्या पडद्यावर दाखवला होता. नुसतं चित्र होतं का, असं मावशीने विचारलं. नाही, त्यांनी स्वतः आकडे घालून पाहिले होते. असा प्रोग्राम चालवता येईल अशी बाहेर मशिनं किती? दोनच, बांधणीवालीचं आणि कोरं.

बाराला सगळे जमले. मावशीने प्रमुखाला एकच विचारलं, "डिस्क तीनला झाली. मग दीडला आलेख कशावर चालवलात?"

प्रमुखाने समोरची डिस्क बाजूला सरकवली. मावशीच पुढे बोलू लागली.

"हिच्या मशीनवर ही बसलेली. राहिलं कोरं. तुम्ही त्या खोलीत जाऊन त्याला इंटरनेट जोडलंत, दालनातला पडदाही त्यावरूनच चालवलात, आणि मशीनने लागेल ते सगळं खेचून घेतलं. तेच त्यात राहिलं. तीनला डिस्कवर तुकडा नव्हता, पण मशीनमध्ये तुमचा होता, म्हणून चाचणी पार पडली. आज सकाळी पुसलंत, आणि हिचं खरं बोलणंही पुसलं गेलं."

"पण तुकडा विसरले मीच," बांधणीवाली हळूच म्हणाली.

"विसरलीस. माणसं विसरतात म्हणूनच ते मशीन कोरं ठेवायचं असतं."

भाच्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिला मनातल्या मनात केव्हाच दोषी ठरवलं होतं.

प्रमुख खाली बघत म्हणाला, "काल रात्रीच लक्षात आलं होतं. पण सांगितलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

"आणि नाही सांगितलंत, तर माझी," बांधणीवाली म्हणाली.

संचालिकांनी तिच्या बडतर्फीचा कागद फाईलमधून काढून घेतला. तिने तिकडे पाहिलंही नाही. रक्ताचे नमुने कालपासून पडून आहेत, माझ्याकडून काढून घेतलेली खोलीची किल्ली आधी द्या, एवढंच ती म्हणाली.