डाव्या हाताची ओढ

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. सेलू तालुक्यातल्या त्या गावात सुग्रीव आजही राहतो. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल जाऊन विचारावं.

मागच्या दिवाळीनंतरची ती पहाट.

सुग्रीव पुण्यात लोकांची कुत्री फिरवायचा. धंदाच होता त्याचा. सकाळ-संध्याकाळ मोठमोठ्या सोसायट्यांतली चार-चार कुत्री, सगळ्यांचे पट्टे डाव्या मनगटाला गुंडाळलेले.

गावात लोक चेष्टा करायचे. "कुत्र्यामागं पळायला पुण्याला गेलास व्हय रं?"

तोही हसायचा. पण अंगात काही उरलं नव्हतं. गुडघे कुरकुरायचे. खांदा कायमचा दुखावलेला. त्यातलं ब्रुनो नावाचं दांडगं कुत्रं तर असं ओढायचं, की रात्री झोपेतही याचा हात पुढं जायचा. शेवटी पंडित नावाच्या सोबत्याकडं काम सोपवून तो कापूस वेचायला म्हणून घरी आला.

खरं तर तो झोपायला आला होता.

त्या पहाटे सवयीनंच जाग आली. बायको कोकिळा अंथरुणात नव्हती. रानातल्या गोठ्यात असेल, असं समजून तो पांदीच्या रस्त्यानं निघाला.

गावातली दोन कुत्री मागं मागं आली. मग अचानक थांबली.

भुंकली नाहीत. शेपूट पोटाशी घेऊन नुसती बघत राहिली... त्याच्याकडं नाही.

त्याच्या डाव्या बाजूला.

आणि मग आवाज आला.

हॅ... हॅ... हॅ...

धापा टाकल्याचा. अगदी मांडीजवळ.

त्यानं खाली बघितलं. काहीच नव्हतं.

तो चालला. धापही चालली. तो थांबला. धापही थांबली...

आणि डाव्या मनगटाला हिसका बसला.

तो हिसका त्याच्या हाताला अनोळखी नव्हता. भीती वाटायच्या आधी त्याला थकवाच आला.

"आता इथंबी?" तो पुटपुटला.

पाय आपोआप चालू लागले.

पांद सुटली. पडीक रान लागलं. गवत दवानं पांढरं झालं होतं. त्यानं मागं वळून बघितलं. दवावर पावलं उमटली होती...

त्याचीच. डाव्या बाजूला एकही पंजा नव्हता.

तेवढ्यात ओढ सुटली. समोर जुनी विहीर होती, कठडा नसलेली. तिकडं वर्षानुवर्षं कुणी फिरकत नव्हतं.

आतून बारीक आवाज आला.

"अहो..."

कोकिळा! गळाभर पाण्यात, भिंतीतून आलेली उंबराची मुळी धरून लोंबकळत होती. ओठ काळेनिळे पडले होते.

सुग्रीव जीव खाऊन ओरडला. शेजारच्या रानात पाणी द्यायला आलेला भागवत दोर घेऊन पळत आला. दोघांनी मिळून तिला वर काढलं.

"आजून जरा येळ गेला असता तर हात सुटला असता," भागवत म्हणाला.

दवाखान्याबाहेर बसल्या बसल्या सुग्रीवला ब्रुनो आठवला. ते बिचारं गेलं असणार... जाता जाता आपल्याला इथवर घेऊन आलं. त्याला रडूच फुटलं. त्यानं पंडितला फोन लावला.

"ब्रुनो? त्याला काय झालंय? हा काय, माझी चप्पल चघळत बसलाय!"

सुग्रीवनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी कोकिळेला जरा हुशारी आली. त्यानं विचारलं, "तिकडं कशाला गेलतीस गं? आपलं रान तर अलीकडं हाय."

"मी कुठं गेले?" ती म्हणाली. "गोठ्यात शेण भरायलते. कुनीतरी हात धरला अन् ओढायलं... मला वाटलं तुमीच हायत. अंधारात तोंड दिसंना. लय हाका मारल्या, तर ओ नाही का ठो नाही."

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"नुसती धाप ऐकू यायली..."

सुग्रीव पुन्हा पुण्याला गेला नाही. आपल्याला विहिरीपाशी नेणाऱ्याचे पाय धरावेत, की कोकिळेला नेणाऱ्याला शिव्या द्याव्यात... दोघं एकच असले तर? त्याला अजून उमगलेलं नाही. विचार करायचंही त्राण नाही.

आता पहाट झाली, की नवराबायको एकमेकांचे हात घट्ट धरून बसतात. उजाडेपर्यंत कुणी सोडत नाही.

कधी कधी त्या धरलेल्या हातांनाच हिसका बसतो...