टोपीवाल्याचा हेतू

एक फोटो टिपून ती पाऊल न वाजवता मागे सरकत होती, आणि तिचा पाय कुणाच्या तरी हातावर पडला.

"आई गं!"

ओरडणाराही कुजबुजतच ओरडला. ती दचकून वळली. गवतात एक तरुण पालथा पडला होता. कोपरांपर्यंत चिखल, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर रंग उडालेली टोपी. दबलेली बोटं सोडवून घेत त्याने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू... तो उठेल."

'तो' म्हणजे रंगीत पाणलावा. बागेमागच्या दलदलीत, तुटक्या बाकाजवळ, गवताच्या बुडाशी तो अंड्यांवर बसला होता. या पक्ष्यांची तऱ्हाच उलटी. मादी नटवी, रंगीत. अंडी घातली की ती खुशाल चालती होते, आणि उबवण्यापासून पिल्लं मोठी करण्यापर्यंत सगळं साध्या, भुऱ्या नराच्या गळ्यात. इतक्या वर्षांच्या रविवारांत तिला पाणलाव्याचं घरटं पहिल्यांदाच दिसलं होतं. गर्दी झाली, तर हा लाजाळू पक्षी अंडी टाकून जाणार, हेही तिला ठाऊक होतं.

"कुणाला सांगू नका हं!" दोघं एकदमच म्हणाली.

तो हसला. जरा छानच हसला. मग म्हणाला, "तुम्ही रोज येता इथे?"

"का?"

"सहज."

सहज! तिचे बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊनही त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. 'सहज म्हणणाऱ्याचं तिकीट आधी बघावं,' असं ते नेहमी म्हणत. तिने त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाट धरली. तरी वळणावर एकदा मागे बघितलंच. तोही बघत होता... पक्ष्याकडे नाही.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणं हे तिचं काम. बुधवारी दुपारी एका मावशींना अक्षरं वाचायला लावून ती भिंगं बदलत होती, तेवढ्यात फोन थरथरला. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. कातरलेला, फिरून फिरून पुसट झालेला, पण पाणलावाच. खाली ओळ: 'तुटक्या बाकाजवळ घरटं. त्वरा करा.'

"अगं, आता तर मला काहीच दिसेना!" मावशी म्हणाल्या. तिने भलतंच भिंग घातलं होतं.

ती जागा दोघांनाच माहीत होती. त्यातली एक ती स्वतः. मग उरला कोण? टोपीवाला! नाव अगदी शोभतंय, ती मनात चरफडली. लोकांना टोप्या घालतच फिरत असणार.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच दलदलीवर पोचली. बाकापाशी दहा-पंधरा जण कॅमेऱ्यांची लांबलचक नळकांडी रोखून उभे होते, आणि मधोमध, तिकाटण्यावर कॅमेरा लावून, टोपीवाला! कुणी विचारलं, "इथेच ना?" त्याने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. तेच बोट, तोच आव.

ती तडक त्याच्यासमोर गेली. "लाज नाही वाटत?"

"कशाची?"

"चार फोटोंसाठी त्या जिवाला उघड्यावर आणलंत. वर जत्राही भरवलीत!"

तो शांतपणे बाजूला झाला. "आधी यातून बघा. मग भांडू."

तिने रागारागात डोळा लावला. गवत. नुसतं गवत. थोडं डावीकडे... तिथेही गवतच.

"इथे तर काहीच—"

"हळू!" तो तिच्या कानाशी झुकला. ओल्या मातीचा वास आला, आणि उगाचच तिच्या मानेवर शहारा. "या सगळ्यांना वाटतंय, आहे."

ती चमकली. समोर पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे तो ओळखीचा गवताचा पुंजका. म्हणजे ही मंडळी चक्क उलट्या काठावर उभी होती.

"पण बाक तर इथे..."

"काल संध्याकाळी ओढत आणला. कंबर धरलीय."

तिला हसू फुटणार होतं, पण त्याचा चेहरा एकाएकी कठोर झाला. "आता तुम्ही सांगा. का केलंत असं?"

"मी?"

"फोटो डाव्या बाजूने काढलाय. मी उजवीकडे होतो... तुमच्या पायाखाली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "अडकलेत? आजी एकट्याच आहेत का आत? त्यांच्याशी बोलत राहा म्हणावं, मी निघालोच." तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, हे तिला असं कळलं. कॅमेरा पिशवीत कोंबून, कंबर धरून तो पळाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं ती वाटभर पुटपुटत राहिली. पण घरी येऊन तिने आपला फोटो उघडला आणि ग्रुपवरचा शेजारी धरला. तेच वाकलेलं पातं, चोचीवर तोच थेंब. फोटो तिचाच होता.

"बाबा!"

बाबा पेपरमागे होते. "काय झालं?"

"मी फक्त तुम्हाला पाठवलेला पाणलाव्याचा फोटो तुम्ही पुढे कुणाला पाठवलात?"

"आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींना. लेकीची करामत कळू दे की जरा! सगळ्यांनी अंगठे दाखवले."

"आणि जागा?"

"तूच नाही का जेवताना सांगितलीस? लोकांनी विचारलं, मी सांगितलं. माझ्या पोटात काय राहतंय?"

तिला रडू यायच्या बेतात होतं. पक्ष्यासाठी तर होतंच. पण भर गर्दीत 'लाज नाही वाटत' असं आपण कुणाला म्हणालो, हे आठवून जास्त. बाबांनी पेपर खाली ठेवला. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"मग मीही येतो उद्या," ते हळूच म्हणाले. "गर्दी आवरणं तरी मला जमतं."

सकाळी भुरभुर पाऊस होता. टोपीवाला त्याच खोट्या जागी छत्री धरून बसला होता. ती जवळ गेली. घरून घोकून आणलेलं सगळं भाषण ती आयत्या वेळी विसरली.

"चूक... माझ्याच घरची निघाली. मी तुम्हाला नको ते बोलले."

"मीही बोललोच की."

"तुमचं खरं होतं."

"खरं असलं तरी जरा गोड बोलता आलं असतं," तो म्हणाला आणि छत्री तिच्या बाजूला सरकवली. त्याचा एक खांदा पूर्ण भिजत राहिला.

बाबांनी मात्र आल्या आल्या ताबा घेतला. "एका रांगेत! बाकाच्या पुढे कुणी यायचं नाही!" असा खणखणीत आवाज, की लोक रिकाम्या गवतासमोर शिस्तीत उभे राहू लागले. दोन-चार दिवस काहीच दिसेना, तेव्हा एकेक जण कंटाळून गळाला. तिची नि टोपीवाल्याची पाळत मात्र सुरू राहिली. लांबून, पाण्याच्या या काठावरून. थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने. मध्येच फोन यायचा, कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असायचं, आणि तो पळायचा. परत आला की ती विचारायची, "सुटले?" तो मान डोलवायचा, आणि तिलाच मोकळं वाटायचं.

बाबांची नजर आता त्याच्यावर स्थिरावली.

"हा तुझ्याकडे बघतो," ते घरी म्हणाले.

"पक्षी बघायला येतो तो, बाबा."

"पक्षी तिकडे, तोंड इकडे. हे कुठलं पक्षीनिरीक्षण?"

"काहीतरीच तुमचं!" असं म्हणून ती आत गेली. आरशात तिचे कान लाल दिसत होते.

एका सकाळी गवत हललं. भुरा नर बाहेर आला, थबकला, इकडेतिकडे बघून पुढे निघाला. आणि त्याच्यामागे लुटुलुटु, कापसाच्या बोळ्यांसारखी चार पिल्लं! तिचा कॅमेरा गळ्यातच राहिला. तिने नकळत टोपीवाल्याची बाही घट्ट धरली होती. पिल्लं लव्हाळ्यात दिसेनाशी झाली, तरी सोडली नाही. मग लक्षात आलं, आणि घाईघाईने सोडली. दोघंही पाण्याकडे बघत राहिली... तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी घरटं रिकामं होतं, काठ रिकामा होता. तरी तो आला होता. तीही आली होती. आणि बाबाही.

बाबांनी त्याला गाठलंच. "पक्षी गेला. पिल्लं गेली. तुम्ही अजून येताय. आता तुमचा हेतू काय?"

त्याने टोपी काढली, परत घातली. "मी... म्हणजे... सहज..."

"सहज?" बाबांच्या भुवया वर चढल्या.

"बाबा, तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय," ती म्हणाली. "हेतू माझा आहे. मी यांना संध्याकाळी बोलावलंय. म्हणजे... बोलावणार होते. आता बोलावते." ती त्याच्याकडे वळली. "याल?"

"येतो," तो इतक्या झटकन म्हणाला, की स्वतःच ओशाळला. "कुठे यायचं?"

"कुठेही. चिखल नसेल तिथे."

बाबांनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. एरवी त्यांनी आणखी दहा प्रश्न विचारले असते. आज त्यांनी नुसता घसा खाकरला.

"मी जरा त्या काठाला जाऊन येतो," ते म्हणाले, "तिकडे काही दिसतंय का बघतो." आणि पाठ फिरवून, मुद्दाम सावकाश, ते चालू लागले.

वाऱ्याने पाण्यावर शिरशिरी उमटली. त्याने तिचा हात हातात घेतला. घाबरत, अर्धाच.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवसापासूनच मला... तुम्ही..."

"हो," ती म्हणाली, आणि उरलेला हातही त्याच्या हातात दिला. "मला संशय होताच."