थंड खोलीतला डबा

"पहिल्याच दिवशी चोर ठरले मी! दारात सगळ्यांसमोर बॅग उलटी केली माझी." विद्यार्थिनी रागाने सांगत होती. "विद्यापीठाच्या अभिलेखागारात सकाळी इंटर्न म्हणून लागले, दुपारी हाकललं. आता विभागातूनही नाव काढणार आहेत."

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. त्यांनी चपला सरकवल्या. "भावोजी, उठा."

"चहा तरी संपवू द्या," त्यांचे दीर कुरकुरले.

तिघं अभिलेखागारात पोचताच तिथले प्रमुख तावातावाने बोलले. "जुन्या चित्रपटाची एकमेव रीळ! थंड खोलीतून मी स्वतः डबा काढला, थेट हिच्या हातात दिला आणि फोन घ्यायला गेलो. परत येऊन उघडतो, तर रिकामा!"

"तू काय केलंस?" वहिनींनी मुलीला विचारलं.

"सरांनी सांगितलं तेच. लगेच झाकणावर नंबराची चिठ्ठी डकवली. उघडला नाही."

डिंकाने लावलेली ती चिठ्ठी सपाट बसली होती. एकही कोपरा सुटलेला नव्हता.

"खोलीची किल्ली?"

"साहेबांकडे आणि माझ्याकडे," शिपाई म्हणाला. "पण पोरीच्या बॅगेत काही नव्हतं, बाई. साहेब म्हणतात, खिडकीतून टाकली."

"तिसऱ्या मजल्यावरून? झेलणारा मोठा पटाईत असणार!"

थंड खोली बघून सगळे बाहेर आले. भावोजींचा चष्मा धुरकटला. "आंधळा झालो की हो!" मग ते कुजबुजले, "शिपाईच तो. किल्ली आहे ना!"

"आधी चष्मा पुसा."

वहिनींनी शिपायाला थंड खोलीतला एक रिकामा डबा आणायला लावला. बाहेर येताच झाकणावर दव धरलं. वहिनींनी त्यावर त्याच डिंकाने डकवलेली चिठ्ठी घसरून टेबलावर पडली.

"साहेब, तुमचा डबा थेट थंडीतून आला असता, तर हिचीही चिठ्ठी टिकली नसती. तो कोरडा होता. म्हणजे बराच आधी बाहेर निघाला होता. 'थेट दिला' हे खोटं शिपायाने नाही सांगितलं. तुम्ही सांगितलंत. रीळ कुठे आहे?"

प्रमुख खुर्चीत बसले. "मित्राला बघायला दिली होती. तो आता परत देत नाही. मी तरी काय करणार?"

"म्हणून आजच आलेली पोर पुढे केलीत?" भावोजी कडाडले.

"हे बघ," प्रमुख मुलीकडे वळले, "पूर्ण इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आत्ताच देतो. उद्यापासून आली नाहीस तरी चालेल."

"मी काम करायला आले होते, सर."

ती कुलसचिवांच्या दालनाकडे निघाली. या वेळी तिला अडवायला कुणी उठलं नाही.