गळक्या छपराचं मासिक

शमिकानं चुकीचं दार उघडलं, आणि तेही कोपरानं, कारण दोन्ही हातांत उकडीच्या मोदकांचं पातेलं होतं. बाहेर हॅनोव्हरचा तो चिवट, बारीक पाऊस लागला होता... छत्री उघडली तर उगाच वाटावं आणि न उघडली तर केस भिजून चपटे व्हावेत, असा. लिंडन भागातल्या त्या सांस्कृतिक केंद्रात मराठी मंडळाचा गणपती चार नंबरच्या खोलीत होता. ही बाई घुसली तीन नंबरमध्ये.

तिथे गणपती नव्हता. जमिनीवर जुन्या, पिवळ्या पडलेल्या मासिकांचे ढीग होते आणि मधोमध एक तरुण मांडी घालून बसला होता. चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं जोडलेली, कपाळावर एक हट्टी बट. हातातल्या पानावर व्यंगचित्र होतं, पण गड्याचा चेहरा असा, की टॅक्स ऑफिसचं पत्र वाचतोय.

शमिका जर्मनमध्ये माफी मागून वळणारच होती, तेवढ्यात पायाशी उघडं पडलेलं एक पान तिला दिसलं. टीव्हीवर एक मिशाळ सेनापती हात पसरून बोलतोय, मागे मोठा सूर्य काढलाय. आणि रस्त्यावर धो धो पावसात माणसं एकमेकांकडे चोरून बघत मुकाट्यानं छत्र्या मिटतायत. अक्षर स्पॅनिश, तिला ओ की ठो कळलं नाही. पण ती फस्सकन हसली, पातेलं हिंदकळलं, आणि एक मोदक थेट त्या तरुणाच्या मांडीवर जाऊन पडला.

त्यानं मोदकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मराठीत विचारलं, "तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"नाही."

"मग हसलात कशाला?"

"अहो, हे आमच्या ऑफिसचं चित्र आहे! मशीन बंद पडलेलं असतं आणि वर पाठवायच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार."

शमिका ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत होती. मीटिंगमध्ये वहीच्या समासात साहेबांची चित्रं काढणं हा तिचा खरा धंदा, नोकरी आपली पोटापाण्यासाठी. मूळची मिरजेची. तो हृषिकेश, पुण्याचा. 'लष्करी राजवटीतली विनोदी मासिकं' या विषयावर चार वर्षं डोकं फोडत होता. आणि चार वर्षांत, त्यानंच प्रामाणिकपणे कबूल केलं, त्याला एकदाही हसू आलं नव्हतं.

"म्हणजे कळतं मला," तो मोदकाचं तूप पुसत म्हणाला. "का हसायचं ते कळतं. पण कळेपर्यंत हसायची वेळ निघून जाते."

आता अशा माणसाचं काय करायचं? शमिकानं आणखी एक मोदक दिला आणि चार नंबरच्या खोलीत आरती सुरू झाली तरी ती तीन नंबरमध्येच उभी होती.

मग ती दर शनिवारी जायला लागली. निमित्त तयार होतं. त्या मासिकांचं प्रदर्शन नोव्हेंबरात भरणार होतं, आणि कुठलं चित्र न सांगता हसवतं हे तपासायला हृषिकेशला एक हसणारं माणूस हवं होतं. येताना ती कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन कॉफ्या आणायची. आपली ती प्यायची. त्याची गार व्हायची.

मासिकं होती मार्ताची. मार्ता सत्तरीची, मूळची अर्जेंटिनाची, आखूड पांढऱ्या केसांची आणि मोठ्या आवाजाची. चोविसाव्या वर्षी ती ब्युनोस आयर्समधल्या 'ला गोतेरा' नावाच्या मासिकात चित्रं काढायची. गोतेरा म्हणजे छपरातून होणारी गळती. देशात सगळं उत्तम आहे असं लष्कर रोज सांगायचं, आणि हे मासिक दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, की बघा बुवा, इथून पाणी येतंय, तिथूनही येतंय. वर्तमानपत्रं मूग गिळून बसलेली असताना लोक या मासिकासाठी रांगा लावायचे. कारण हसल्याचा पुरावा राहत नाही, मार्ता म्हणायची.

छपाईआधी प्रत्येक पान एका कर्नलकडे जायचं. त्या कर्नलला विनोद कळायचा नाही, म्हणून तो पानं घरी नेऊन बायकोला दाखवायचा. बायको हसली की चित्र रद्द. "मग आम्ही काय करायचो?" मार्ता डोळे मिचकावत सांगायची, "दुसऱ्या दिवशी हसू येईल अशी चित्रं काढायचो."

शमिका पोट धरून हसली. हृषिकेशनं मात्र पुढचा अंक उलगडला आणि आवाज खाली आणून तिला एक रिकामा चौकोन दाखवला. साध्या काळ्या रेघेचा, आत काहीच नाही. तिथे पेद्रो नावाच्या मुलाची चित्रमालिका असायची. एका सोमवारी तो ऑफिसला आलाच नाही. घरीही नव्हता. कुठेच नव्हता. त्याच्याबद्दल एक अक्षर छापायची सोय नव्हती, म्हणून पुढचे एकतीस अंक त्याची जागा तशीच सोडली. वाचकांना कळायचं.

मार्ता खिडकीतून बाहेर बघत होती. शमिकानं पाहिलं, तर हृषिकेश त्या चौकोनावरून बोट फिरवत होता, इतकं हलकं, की झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावं. आणि झालं. त्या क्षणी आमची शमिका कामातून गेली. चिकटपट्टीच्या चष्म्यासकट तो सगळा माणूस तिला हवासा वाटला.

सांगायचं कसं, इथे घोडं अडलं. तसं दोघांचं बोलणं भरपूर चालायचं. कर्नल-कर्नल नावाचा एक खेळच त्यांनी काढला होता. एकानं कर्नल व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या नजरेतून सुटेल असं काहीतरी बोलून जायचं. ट्रामच्या स्टॉपवर, पागोळ्या चुकवत, शमिका म्हणायची, "हवामान खात्याचा अंदाज आहे, की शनिवारी काही लोकांना बरं वाटतं."

"काही लोक म्हणजे नक्की किती?"

"आकडा गुप्त आहे, कर्नलसाहेब."

"इतर वारांचं काय?"

"इतर वारी... टंचाई असते."

तो गंभीरपणे मान डोलवायचा, हे सुटलं म्हणायचा, आणि तिची ट्राम यायची. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसायची. अगं बाई, एवढं सगळं सांगितलंस, पण सांगितलंस काय?

ऑक्टोबरच्या मध्यावर ट्रामच्या त्याच स्टॉपवर त्यानं बातमी दिली. ब्युनोस आयर्सच्या एका सरकारी संग्रहालयानं बोलावलंय. तीन वर्षं. आठ नोव्हेंबरला संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही कळवायचं. आणि आठ नोव्हेंबर म्हणजे प्रदर्शनाच्या उद्घाटनाचाच दिवस.

"चांगलं आहे की," शमिका म्हणाली.

"हो... चांगलंच आहे." त्यानं चष्मा पुसला. आधीच स्वच्छ होता तो. "तसं इथेही एक वर्षाचं काम आहे. मार्ताच्या कागदांचं. अर्धवेळ. पण... थांबायला काही कारण हवं ना माणसाला."

"हो ना. कारण हवंच."

झालं! दोघं एवढी शिकलेली, एकाला चार भाषा येतात, दुसरीला मायक्रॉनमधली चूक दिसते, आणि दोघं ट्रामच्या वेळापत्रकाकडे बघत उभी. थप्पड मारावीशी वाटते अशा वेळी, पण सांगणाऱ्याला मध्ये पडता येत नाही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शमिकानं पेन हातात घेतलं. बोलता येत नाही तर काढता येतं ना! टेबलाशी एक तरुण बसलाय, कपाळावर बट, चष्म्याला चिकटपट्टी. डोळ्याला भिंग लावून जमिनीवरचा एक ठिपका तपासतोय. टेबलावर सात कप कॉफी, ओळीनं, पहिले सहा गार. सातव्यातून वाफ येतेय, आणि तो कप पुढे करून एक मुलगी उभी आहे. तिच्या डोळ्यांत शमिकानं जे होतं ते सगळं काढलं, लपवलं काहीच नाही. खाली नाव घातलं नाही. शनिवारी ते चित्र तिनं हृषिकेशच्या टेबलावर, अगदी नजरेसमोर ठेवलं आणि पळाली.

आठवडा गेला. काही नाही. त्यानं फोनवर प्रदर्शनाच्या दिव्यांबद्दल विचारलं, भिंतीच्या रंगाबद्दल विचारलं. चित्राबद्दल चकार शब्द नाही. शमिकानं समजायचं ते समजून घेतलं. त्याला जायचंय, आणि नाही म्हणायचा त्याचा हा सभ्य मार्ग असावा. दोन रात्री ती रडली, तिसऱ्या दिवशी ऑफिसात एका कंत्राटदाराचा सगळा माल परत पाठवला. मालात खरोखर दोष होता, पण एरवी तिनं जरा गोड बोलून कळवलं असतं.

आठ नोव्हेंबरला दुपारी चारला ती प्रदर्शनाला आली, कारण मार्तानं बोलावलं होतं आणि मार्ताला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. खोली पाहुण्यांनी भरत होती. सेनापती, छत्र्या, रिकामा चौकोन, सगळं आपापल्या जागी. आणि शेवटच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, तिचं स्वतःचं चित्र!

खाली व्यवस्थित छापलेली पट्टी होती: 'समकालीन. चित्रकार अज्ञात. बहुधा एखाद्या अभ्यागताची भेट. भिंग हे शासनयंत्रणेचं प्रतीक असून गार झालेले कप म्हणजे नागरिकांचे प्रलंबित अर्ज होत. तरुणीच्या चेहऱ्यावरील भावातून परदेशी नागरिकांच्या कार्यालयाबाबतची हतबलता सूचित होते.'

शमिकानं ते दोनदा वाचलं. शेजारी एक जर्मन काका मान हलवून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत होते. त्यांना बहुधा सरकारी कार्यालयांचा अनुभव असावा.

मार्ता मागून आली. तिनं चित्र पाहिलं, पट्टी वाचली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टरशी झटापट करणाऱ्या हृषिकेशकडे पाहिलं. बट तीच, चिकटपट्टी तीच. ती इतकी हसली, की तिला खोकल्याची उबळ आली. शमिकानं पाणी आणून दिलं.

"त्याला हे कळलं नाही," शमिका म्हणाली. रडू आणि हसू दोन्ही एकदम येत होतं. "चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रांतलं सगळं कळतं त्याला. आणि हे..."

मार्ता पाणी प्यायली आणि तिनं शमिकाचा हात धरला. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली, "पोरी, आम्ही आडून बोलायचो कारण दाराबाहेर गाडी उभी असायची. तुझ्या दाराबाहेर कोण उभं आहे?"

शमिकाच्या दाराबाहेर कुणीच नव्हतं. एवढे दिवस ती स्वतःच स्वतःची कर्नल झाली होती. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती तशीच चालत गेली. वाटेत कुणाच्या तरी पायावर पाय पडला. हृषिकेश गुडघ्यांवर बसून, हातात प्रोजेक्टरचा प्लग घेऊन भिंतीत सॉकेट शोधत होता. तिनं त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला.

"ते शेवटचं चित्र मी काढलंय," ती म्हणाली. "तो मुलगा तू आहेस. ती मुलगी मी."

तो चित्राकडे वळला. मग तिच्याकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"आणि... परदेशी नागरिकांचं कार्यालय?"

"त्याचा काही संबंध नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हृषिकेश. मोठी संधी आहे, जा, असं मी म्हणायला हवं. पण मला म्हणायचं नाहीये. जाऊ नकोस. थांब."

तिला त्याची सवय माहीत होती. तो आता शोधत असणार, या वाक्याच्या मागे काय, खाली काय.

"शोधू नकोस," ती म्हणाली. "यात काही दडलेलं नाही. दिसतंय एवढंच आहे."

कुणीतरी हॉलमधून प्रोजेक्टर केव्हा सुरू होणार असं विचारलं. हृषिकेशनं ऐकलंच नाही.

"मी गेले तीन आठवडे..." तो अडखळला. "मला वाटायचं तू खेळतेस. तू इतकी मजेत बोलायचीस... मी रात्री घरी जाऊन तुझी वाक्यं लिहून काढायचो, शमिका. टिपा काढायचो त्यांच्यावर. प्रत्येक टिपेच्या शेवटी लिहायचो, 'पुरावा अपुरा.'"

"आता पुरला?"

"पुरला," तो म्हणाला. "मलाही तूच हवी आहेस. पहिल्या मोदकापासून."

मग त्यानं एका हातानं खिशातून फोन काढला. संग्रहालयाचा फॉर्म उघडाच होता, आठवडाभर तसाच उघडा असावा. त्यानं 'नाही'वर टिचकी मारली. फॉर्मनं कारण विचारलं. त्यानं स्पॅनिशमध्ये एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

"काय कारण लिहिलंस?"

"खरं ते."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'मी प्रेमात पडलो आहे आणि ती हॅनोव्हरला राहते.'"

"अरे, सरकारी संग्रहालय आहे ना ते? असं लिहितात का सरकारी फॉर्मवर?"

"आता लिहिता येतं," हृषिकेश म्हणाला.

शमिकानं त्याच्या दुसऱ्या हातातला प्लग काढून घेऊन खाली ठेवला, कारण तो हात तिला हवा होता.