मिऱ्यांची वाटी

रुखमिणी शहापूरहून भंडाऱ्यात, लोकांचे तपास करून देणाऱ्या राखी सेलोकरच्या खोलीवर आली ती कपड्यांची पिशवी घेऊनच. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं होतं.

"मी पोराले गोळ्या जास्त देल्या, असं नवरा म्हणते. संध्याकाळी ठाण्यात तक्रार देऊन राहिले. ताई, मी कायले देईन?"

पोरगा म्हणजे प्रितम, एकोणीस वर्षांचा सावत्र मुलगा. त्याला एडीएचडी होतं. लक्ष टिकावं म्हणून रोज सकाळी एक कॅप्सूल. ती रुखमिणीच देई. काल कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात त्याची छाती धडधडू लागली आणि तो अंगणात कोसळला. आता तो दवाखान्यात बेशुद्ध होता. औषध रक्तात एकदम चढलं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"एकदम म्हणजे जास्तच," पुंडलिकराव म्हणाले. हे निवृत्त हवालदार राखीचे सोबती. सावत्र आई म्हटलं की त्यांचा तपास अर्धा होई.

राखीने पूर्वी औषधांच्या दुकानात काम केलं होतं. तिने पट्टी मागितली. दहाची पट्टी, काल सकाळीच फोडलेली. नऊ शिल्लक. हे औषध दुकानदार चिठ्ठी बघून मोजूनच देतो. दुसरी पट्टी घरात नव्हती.

शहापूरला पुंडलिकरावांच्या जुन्या ओळखीवर रुखमिणीच्या नवऱ्याने, भय्याजींनी दार उघडलं. रुखमिणी उंबऱ्याबाहेरच थांबली.

आधी भय्याजींची बहीण बेबीबाई भेटली. वहिनीचे सगळे दोष सांगून झाल्यावर तिने गुडघ्यांना चोळायची मोहफुलाची बाटली दाखवली. आठ दिवस हात लावला नव्हता, तरी बाटलीतली पातळी खाली गेली होती. "तिनंच सांडवली असन."

मोरीत कालची भांडी तशीच पडली होती. एका वाटीच्या तळाशी मिरपूड चिकटली होती. राखीने वाटी हुंगली.

भय्याजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. परवा प्रितम दिवसभर धानाच्या रोवणीच्या चिखलात उभा होता, काल सकाळी शिंकत उठला, असं त्यांनी सांगितलं. त्याने चहासुद्धा घेतला नाही. गोळीआधी फक्त त्यांनीच दिलेलं सर्दीचं औषध. पुंडलिकरावांनी वहीत लिहिलं: सर्दीचं औषध.

"घरात कुणी पितं?" राखीने विचारलं.

"माळकऱ्याच्या घरात दारू?" भय्याजी दुखावले.

राखीने वाटी त्यांच्यासमोर ठेवली.

"नऊ शिल्लक, म्हणजे पोटात एकच गेली. तिच्यातल्या दाण्यांवर आवरण असतं. म्हणून औषध दिवसभर थोडंथोडं सुटतं. कडक दारूत ते आवरण विरघळू शकतं. मग दिवसाचं औषध तासाभरात सुटतं. पट्टीसोबतच्या कागदावर दारू घेऊ नये असं लिहिलंय, पण इंग्रजीत. बाटली गुडघ्यांसाठी उघडली नाही, तरी तिची पातळी खाली गेली. वाटीत मिरे आहेत, मोहाच्या दारूचा वास आहे. आणि उपाशीपोटी प्रितमला एकच गोष्ट मिळाली, सर्दीचं औषध. ते कुणी दिलं, हे तुम्हीच सांगितलंत."

पुंडलिकरावांनी वहीतल्या 'सर्दीचं औषध'वर काट मारली.

"ते दारू नोहे," भय्याजी म्हणाले. "औषध आहे. माह्या बापानं मले असंच देलं होतं. मिरे घालून, अर्धी वाटी. म्हणून मी प्रितमले..."

 

रुखमिणी उंबरा ओलांडून आत आली.

"आंधी डॉक्टरले फोन लावा. त्याईले हे माहीत नाही."

तिनेच नंबर लावून फोन भय्याजींच्या कानाशी धरला. पोटात आणखी काय गेलं होतं, असं पलीकडून विचारलं जात होतं.

"औषध," भय्याजी म्हणाले आणि थांबले. मग माळ मुठीत धरली.

"दारू. मीच पाजली."